गोगलगायीची विचारपूस

साकीनाक्याला कोणी कोणाची प्रकृती विचारत नाही. वेळ नसतो म्हणावं, तर तसंही नाही. सिग्नलला उभ्या उभ्या दोन चुलते आणि एक मावशी यांची सविस्तर चौकशी करून होईल इतका वेळ इथे रोज मिळतो. अडचण ऐकू येण्याची आहे. डोक्यावर उतरणीला लागलेलं विमान, त्याखाली मेट्रो, मेट्रोखाली बस, बसच्या बगलेत रिक्षा आणि रिक्षाला आडवी, खैरानी रोडच्या गाळ्यातून लोखंडी पट्ट्या घेऊन निघालेली हातगाडी. एवढ्या मंडळींनी एकदम तोंड उघडलं की “काय, बरं आहे ना?” हा प्रश्न विचारणाऱ्याच्याच घशात राहतो. म्हणून इथली माणसं दुखणी घरी ठेवतात आणि बाहेर पडताना फक्त डबा घेतात.

अशा या वस्तीत पाऊस नीट बसला की एक रहिवासी मात्र असा दिसायला लागतो, की न विचारताच प्रकृती ठणठणीत असल्याची खात्री पटावी. सकाळी बघावं तर कंपाउंडच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली, सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर. मुठीत मावणार नाही एवढा तपकिरी पट्ट्यांचा निमुळता शंख पाठीवर, आणि खाली ओलसर करडं अंग. शेतकी खात्याच्या पत्रकात हिला शंखी गोगलगाय म्हणतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हिचा उल्लेख ‘ते’ असा होतो. “आज पुन्हा जिन्यात ते होतं.”

टाकीमागे पपईचं एक पिवळं पान गळून पडलं होतं. त्यावर बसलेली एक गोगलगाय मी पहाटे बराच वेळ पाहिली. वरची दोन शिंगं लांब, त्यांच्या टोकाला काळा ठिपका, तो डोळा. खालची दोन आखूड, ती सारखी पान चाचपत होती. मी बोट जवळ नेलं तसं लांब शिंग टोकाकडून आत उलटत गेलं आणि हा गृहस्थ काही करणार नाही अशी खात्री पटल्यावर सावकाश बाहेर आलं. मग खाणं पुढे चालू. हिच्या तोंडात एक पट्टी असते आणि त्या पट्टीवर हजारो सूक्ष्म दात. त्यांनी ती पान किसते. विमान आणि रिक्षा दोन्ही गप्प असतील अशी दोन मिनिटं मिळाली, तर त्या किसण्याची बारीक खरखर ऐकूही येते. पान संपल्यावर ती भिंतीवर चढली आणि भिंत खाऊ लागली. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. शंख बांधायला कॅल्शियम लागतं आणि ते मिळवायला ही जात घरांचं प्लास्टर खरवडते. आमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये गळती, गंज, पिंपळ अशी सगळी कारणं नोंदलेली आहेत, पण गोगलगायीचं नाव नाही. बिल्डरला अजून हे कळलेलं नाही हे आपलं नशीब. कळलं तर तो म्हणेल, सिमेंट मी भरपूर घातलं होतं, हिने खाल्लं.

ही मूळची पूर्व आफ्रिकेची. पण मूळचं कोण, हा प्रश्न साकीनाक्याला कोणी काढत नाही. काढला तर संध्याकाळपर्यंत नाका मोकळा होईल. ती आली कंपनी सरकारच्या कृपेने. विल्यम हेन्री बेन्सन नावाचे एक मुलकी अधिकारी होते, त्यांना गोगलगायी जमवण्याचा नाद. १८४७ साली त्यांच्याबरोबर मॉरिशसहून आलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या गेल्या. हेतू वाईट नव्हता. पाहुणे आणून त्यांना बाग दाखवावी, इतकंच. पण या पाहुणीच्या एकाच अंगात नर आणि मादी असे दोन्ही कारभार असतात, ती एका वेळी शे-दोनशे अंडी घालते, वर्षातून अनेकदा घालते, आणि एकदा जोडीदार भेटला की पुढचे कित्येक महिने त्याच शिदोरीवर निघतात. मायामीत १९६६ साली एका शाळकरी मुलाने हवाईहून तीन गोगलगायी खिशातून आणल्या. आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांवर झाल्या आणि त्या संपवायला फ्लोरिडा सरकारला दहा वर्षं आणि दहा लाख डॉलर लागले. पुढे २०११ साली त्या पुन्हा उगवल्या, तेव्हा सरकारने गोगलगाय हुंगणारे लॅब्राडोर कुत्रे नेमले.

आमच्या सोसायटीत गोगलगायींचा विषय लिफ्टचं कंत्राट आणि दुसऱ्या मजल्याची गळती यांच्यानंतर तिसरा घेण्यात आला. सभेत पहिल्याच मिनिटाला पक्ष पडले. तळमजल्याचा मीठपक्ष. यांचं म्हणणं, खडे मीठ टाकावं, आपोआप विरघळते. आपोआप विरघळत नाही. मीठ तिच्या कातडीतून पाणी ओढून घेतं, ती फेस काढते, वळवळते आणि हे बराच वेळ चालतं. ते बघायला मीठपक्षातलं कोणी थांबत नाही. मीठ टाकायचं आणि दार लावून घ्यायचं. शिवाय त्याच मिठाने गेल्या वर्षी एका काकूंची तुळस गेली, तो विषय निघाल्यावर पक्षात फूट पडली. दुसरा औषधपक्ष. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, त्या टाका म्हणजे सकाळी झाडून घ्यायचं काम. त्याला कुत्रापक्षाने आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता, कारण त्या गोळ्यांना कोंड्याचा चांगला वास येतो आणि गेटवरची कुत्री गोगलगायीपेक्षा चपळ असतात. तिसरा श्रावणपक्ष. त्यांनी जीवहत्येला तत्त्वतः विरोध केला, तत्त्वाची मुदत पिठोरी अमावस्येपर्यंत.

मग चौथ्या मजल्यावरच्या एका अभ्यासू सभासदांनी, गोगलगायींना खाणारा एखादा प्राणीच आणून सोडावा असं सुचवलं. सगळ्यांना ते एकदम नैसर्गिक वाटलं. मला बोलणं भाग होतं. प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावर १९७७ साली नेमकं हेच केलं. आफ्रिकन गोगलगाय फार झाली म्हणून फ्लोरिडाची एक मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. तिने आफ्रिकन गोगलगायींकडे एकदा पाहिलं, त्या तिला जाड वाटल्या असाव्यात, आणि मग तिने बेटावरच्या चिमुकल्या, निरुपद्रवी, मूळच्या पार्टुला गोगलगायी एकेक करून संपवल्या. दहा वर्षांत त्या जंगलातून नाहीशा झाल्या. थोड्या उचलून लंडनसारख्या ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत ठेवल्या होत्या, म्हणून वंश राहिला. हे ऐकून सेक्रेटरी म्हणाले, “म्हणजे आपली नवी सिक्युरिटी एजन्सी.” सभेत त्या दिवशी एकमत झालेला हा एकच मुद्दा.

खरी माहिती एकाच माणसाला होती आणि तो दाराशी खुर्च्या मांडून उभा होता. आमचे रात्रीचे वॉचमन औसा तालुक्यातले. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत याच गोगलगायींनी सोयाबीनचं कोवळं पीक रातोरात खाल्लं, दुबार पेरणी करावी लागली, सरकारला मदत जाहीर करावी लागली. चहा देता देता ते मला हळूच म्हणाले, “सायेब, सांजच्याला गोणपाट भिजवून ठिवायचं बांधाला. रातीत समद्या खाली येऊन बसत्यात. सकाळी उचलायच्या आन् साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मिठाचं काय काम नाय.” मी म्हटलं, सभेत सांगा की. ते म्हणाले, “मला कोण इचारतंय?” गोणपाट फुकट असतो, हीच त्या उपायातली मोठी उणीव. फुकटच्या उपायाला कोटेशन मागवता येत नाही.

एवढ्यात सेक्रेटरींनी पुरावा म्हणून आईस्क्रीमच्या डब्यात आणलेली गोगलगाय काढली आणि सभासदांना दाखवायला उचलणार, तोच मागून आवाज आला, “काका, हात लावू नका!” पहिल्या मजल्यावरची मुलगी, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने उभं राहून जे सांगितलं त्याने मीटिंगचा नूर पालटला. उंदराच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारी एक कृमी असते. तिचा शोध १९३५ साली चीनमध्ये कँटनच्या उंदरांत लागला. तिची पिल्लं उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात, लेंड्या गोगलगाय खाते, गोगलगायीच्या अंगात ती पिल्लं मोठी होतात आणि गोगलगाय उंदराने खाल्ली की कृमी स्वगृही परत. या येरझारीत माणसाला काही स्थान नाही. पण न धुतलेल्या पालेभाजीबरोबर किंवा हाताला लागलेलं तोंडात जाऊन ती पोटात गेली, तर ती मेंदूत शिरते आणि तिथून पुढची वाट तिला सापडत नाही. मेंदूच्या आवरणाला सूज येते. “म्हणून हात साबणाने धुवायचे आणि भाजी नीट धुवायची, एवढंच,” ती म्हणाली. “आणि उंदीर कमी करायचे.”

उंदीर हा शब्द निघताच सभा गप्प झाली. उंदीर कमी करणं हा आमच्या इतिवृत्तात वर्षानुवर्षं ‘प्रगतिपथावर’ असलेला विषय आहे. कृमीच्या बाजूने पाहिलं तर साकीनाक्यासारखी सोय नाही: दोन्ही घरं एकाच गटारावर.

तिसऱ्या मजल्यावरचे काका गुहागरकडचे. इतका वेळ ते गप्प होते, पण गोगलगाय आणि रोग असा विषय निघाल्यावर त्यांना राहवेना. “हे काहीच नाही,” ते म्हणाले. “आमच्या गिमवीची गोगलगाय जगातल्या पुस्तकांत आहे.” मला वाटलं, कोकणी अभिमान. पण ते खरं निघालं. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात काही लोकांच्या लघवीतून रक्त जायचं. डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी त्याचा छडा लावून १९५२ साली निबंध लिहिला: हा शिस्टोसोमियासिस, नाईल नदीच्या काठचा, आफ्रिकेतला प्रसिद्ध रोग, भारतात स्थानिक म्हणून तोवर कोणाला न सापडलेला. त्याची कृमी माणसाच्या अंगातून पाण्यात, पाण्यातून गोगलगायीत आणि गोगलगायीतून पुन्हा पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीत अशी फिरते. गिमवीला तिने निवडलेली गोगलगाय काही मिलिमीटरची, टोपीसारख्या चपट्या शिंपल्याची, वहाळातल्या दगडाला चिकटून बसणारी. दगड उचलूनही दिसायची नाही अशी. हजारो मैलांवरची कृमी येते आणि भारतभरच्या नद्या सोडून गुहागरच्या वहाळात घर करते, यात काकांना गावाचं पाणी चांगलं असल्याचा पुरावा दिसतो. मला त्या दोन डॉक्टरांचं कौतुक वाटतं. जगातल्या पहिल्या प्रतीच्या शोधासाठी त्यांनी काय मागितलं असेल? गावकऱ्यांकडून बाटलीभर लघवी. ती मिळवायला कोकणात किती समजूत काढावी लागली असेल, हे निबंधात लिहायची पद्धत नसते.

सभेने शेवटी ठराव केला: गोगलगायींचा प्रश्न गंभीर आहे, उपसमिती नेमावी, दिवाळीनंतर अहवाल द्यावा. दिवाळीनंतर गोगलगायी शंखाच्या तोंडाला चिकट द्रवाचं झाकण लावून प्लिंथच्या फटीत झोपतात त्या जूनपर्यंत. म्हणजे उपसमितीला पाहणीत एकही सापडणार नाही आणि मोहीम यशस्वी झाल्याचं कळवता येईल.

त्या मीटिंगनंतर मी गोगलगाय आणि तिच्या भाऊबंदांविषयी वाचत सुटलो. मृदुकाय प्राण्यांच्या ऐंशी हजारांवर जाती शास्त्राला ठाऊक आहेत. शिंपले, शंख, माकूल, ऑक्टोपस, सगळे एकाच कुळातले. आणि वाचून माझं मत असं झालं, की यांच्यापैकी कोणाची माणसाने आस्थेने प्रकृती विचारली की समजावं, त्याचं काही खरं नाही.

मिंगचंच बघा. आइसलँडजवळच्या समुद्रातून २००६ साली वेल्सच्या संशोधकांनी शिंपले काढले. शिंपल्याच्या कडेला दर वर्षी एक वळं चढतं. ती मोजून वय सांगतात. काढलेले शिंपले बोटीवर गोठवले. नंतर मोजायला घेतले तर एकाचं वय भरलं ४०५. जगातला सर्वांत वयस्कर प्राणी! चीनच्या राजघराण्यावरून त्याचं नाव मिंग ठेवलं. २०१३ साली पुन्हा नीट मोजलं तर ५०७. म्हणजे जन्म १४९९ चा, वास्को द गामा कालिकतला येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षीचा. पानिपत झालं, रेल्वे आली, दोन महायुद्धं झाली, तो चिखलात शांत. मग एके दिवशी कोणी तरी विचारलं, “आजोबा, वय काय आपलं?” आणि त्यातच आजोबा गेले. संशोधकांना दोष देता येत नाही. असेच म्हातारे शिंपले मासेमारीच्या जाळ्यांतून वर्षानुवर्षं सुपात जात असतील. सूप पिणारा वळी मोजत नाही, एवढाच फरक.

उलट, जिची कोणीच विचारपूस केली नाही तिचं काय झालं? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या वाळवंटातली एक गोगलगाय होती. मेलेली समजून २५ मार्च १८४६ रोजी तिला पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलं, खाली नाव लिहिलं आणि कपाटात ठेवलं. चार वर्षांनी, मार्च १८५० मध्ये, कोणाला तरी पुठ्ठ्यावर ओलसर डाग दिसला. कोमट पाण्यात ठेवताच बाईंनी डोकं बाहेर काढलं. चार वर्षं त्या फक्त झोपल्या होत्या. दुष्काळात झाकण लावून पडून राहायचं हे तिच्या घराण्यातलं जुनं ज्ञान. म्युझियम हा तिला लांबलेला उन्हाळा वाटला. पुढे तिला कोबी मिळाला, तिचं चित्र काढलं गेलं आणि शास्त्राच्या पुस्तकात छापलंही गेलं. ही हकीकत मी आमच्या शेजारच्या चाळीतल्या एका रहिवाशांना सांगितली. त्यांची चाळ पुनर्विकासात आहे. संक्रमण शिबिरात राहतात. त्यांनी एकच विचारलं: “चारच वर्षं?”

जेरेमीची विचारपूस सर्वांत प्रेमाने झाली आणि त्यात त्याचं लग्न रखडलं. बहुतेक गोगलगायींचा शंख उजवीकडे वळतो. लंडनमध्ये पालापाचोळ्याच्या ढिगावर २०१६ साली एक सापडला तो डावीकडे वळलेला. त्याचं नाव डाव्या विचारांच्या जेरेमी कॉर्बिन साहेबांवरून ठेवलं. शरीररचना सगळी आरशातल्यासारखी उलटी, त्यामुळे उजव्या गोगलगायीशी जोडी जमणं शरीराच्याच दृष्टीने अशक्य. नॉटिंगहॅम विद्यापीठाचे अँगस डेव्हिसन यांनी रेडिओवरून आवाहन केलं: डावी गोगलगाय असल्यास कळवावे. दोन स्थळं आली. एक इप्सविचचं, नाव लेफ्टी. दुसरं स्पेनच्या मायोर्का बेटावरचं, नाव टोमेऊ, हे तर रेस्टॉरंटच्या पातेल्यात जाता जाता वाचलेलं. तिघांना एकत्र ठेवलं. लेफ्टी आणि टोमेऊ यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपसांत जमवलं. जेरेमी बघत राहिला. वधूवर सूचक मंडळ चालवणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. पुढे टोमेऊने जेरेमीलाही हो म्हटलं. २०१७ च्या ऑक्टोबरात जेरेमी गेला, त्याच सुमारास अंड्यांतून छप्पन्न पिल्लं निघाली, आणि सगळीच्या सगळी उजवी.

याच वळणाचा आपल्याकडे काय भाव आहे बघा. देवघरातला दक्षिणावर्ती म्हणून जो शंख लाखाला विकतात, तो शास्त्रज्ञांच्या हिशोबाने जेरेमीसारखाच डावा, लाखांत एखादा निपजणारा. जे व्यंग म्हणून जेरेमीला मुलगी मिळेना, त्या व्यंगाला आपण हळदकुंकू वाहतो. अर्थात बाजारात स्वस्तात जो मिळतो तो बहुतेकदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक वेगळाच शंख असतो. त्याची अख्खी जातच जन्माने डावी, आणि तो टेक्सास राज्याचा अधिकृत शंख आहे. देवघरात लक्ष्मी म्हणून बसलेला शंख टेक्सासचा राज्यकर्मचारी निघू शकतो.

आता कबूल केलं पाहिजे, की या विचारपुशीतून आपलं भलंही झालं. माकूल आपण गोल कापून तळतो. त्याच्या अंगातला एक मज्जातंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो, म्हणून त्यात तार घालता येते. ती घालून हॉजकिन आणि हक्सली यांनी माणसाच्या नसांतून संदेश कसा जातो ते शोधलं आणि १९६३ चं नोबेल घेतलं. एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया नावाच्या ढब्बू समुद्री गोगलगायीला डिवचून डिवचून आठवण मेंदूत कशी साठते ते पाहिलं. त्यांना २००० साली नोबेल. आणि २०१८ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ग्लान्झमन यांनी तर कमाल केली. एका ॲप्लिसियाला शेपटीवर विजेचे झटके देऊन सावध राहायला शिकवलं, तिच्या मज्जापेशींतला आरएनए काढून दुसऱ्या, काहीच न शिकलेल्या ॲप्लिसियाला टोचला, आणि दुसरी पहिलीसारखी सावध वागू लागली. म्हणजे शिकवणी एकीची, अक्कल दुसरीला. ही बातमी साकीनाक्याच्या क्लासवाल्यांपर्यंत पोचू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. दहावीच्या बॅचमध्ये पहिल्या आलेल्या मुलाकडे ते वेगळ्याच नजरेने पाहू लागतील.

आपल्या सह्याद्रीतही गोगलगायींचे शोध लागतात. आंबोलीत सापडलेली एक अर्धगोगलगाय २०२१ साली शास्त्रात नोंदली गेली: वरदिया आंबोलिएन्सिस. अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि वेल्सचे बेन रोसन यांनी तिचं वर्णन केलं. नाव दिलं सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्यावरून. अर्धगोगलगाय म्हणजे काय, तर हिला शंख असतो, पण तो एवढासा, की संकट आलं तरी तिला त्यात शिरता येत नाही. ती आयुष्यभर आपलं घर पाठीवर घेऊन बाहेरच उभी. जरीमरीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहतात आणि दोन भाऊ पाळीपाळीने गॅलरीत झोपतात, त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

गोगलगायीवर लिहायला बसलो तेव्हा साकीनाक्याच्या रहदारीचा विनोद करायचा नाही असं ठरवलं होतं. तो गोगलगायीवर अन्याय आहे. तिची अधिकृत कामगिरी उपलब्ध आहे: इंग्लंडमधल्या काँगहॅम गावी गोगलगायींच्या शर्यती होतात, तिथे १९९५ साली आर्ची नावाच्या गोगलगायीने ३३ सेंटिमीटर अंतर दोन मिनिटांत कापलं. या वेगाने एक किलोमीटरला सुमारे १०१ तास, म्हणजे चार दिवस आणि पाच तास लागतील. रविवारी मरोळला निघालो असताना नाक्यावरच रिक्षा अडकली, तेव्हा हा हिशोब मी रिक्षावाल्याला सांगितला. त्याने मान मागे वळवून अविश्वासाने विचारलं, “बिना रुके?”

मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जवळा आणि सोडे घ्यायचे होते. कडेला एक कोळीण ओल्या तिसऱ्यांची टोपली घेऊन बसली होती. अशा जिवांच्या तब्येतीची विचारपूस करणारी जागा फार लांब नाही: आमच्या मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ सालची. तिथे जलचरांच्या आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. माझ्या डोक्यात नुकतंच वाचलेलं घोळत होतं. शिंपले दिवसभर पाणी गाळून जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात उतरतं. म्हणून अमेरिकेत १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग यांनी समुद्राची तब्येत तपासायला शिनाण्यांनाच नाडी म्हणून वापरायची कल्पना मांडली. शिंपल्यांना स्वतःचे रोगही पुष्कळ. कालवांना नागिणीच्या घराण्यातल्या विषाणूची साथ येते आणि खाड्याच्या खाड्या रिकाम्या होतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका शिंपल्याला रक्ताच्या कर्करोगासारखा रोग होतो, आणि २०१५ साली कळलं की तो कर्करोगच पाण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हे सगळं आठवून मी टोपलीशी घुटमळलो.

“मावशी, तिसऱ्या ताज्या आहेत ना?”

तिने उत्तर न देता दोन तिसऱ्या उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. टक्. “ही जिती.” मग एक बाजूला काढलेली उचलून आपटली, तिचा आवाज पोकळ आला. “ही मेली. चिखल हाय आत.” ती मागे टाकून दिली. “सकालच्या सुकतीला काढल्यात.”

“पण यांना काही आजार वगैरे नसेल ना?”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. शेजारची बोंबीलवालीही वळून बघायला लागली.

“दादा,” ती म्हणाली, “आजारी असत्या तर दवाखान्यात नेल्या असत्या. टोपलीत कशाला आनल्या असत्या? दोन वाटं देऊ का एक?”

मी एक म्हटलं. तिने दोन भरले आणि एकाचे पैसे कमी केले.